मातीला न आलेली

आमच्या बीदरकडं कुणी वारलं की लोक पहिलं विचारतात, "माती कधी हाय?" अंत्यविधीला आम्ही मातीच म्हणतो. लग्नाला नाही गेलात तर पाहुणे चार दिवस रुसतात. मातीला नाही गेलात तर जन्मभर तुमचं नाव निघालं की तेच निघतं. आमच्या गावात, कमठाण्यात, माझं नाव असंच निघतं. मी नौदलात अधिकारी आहे, आमच्या भागातून ही वर्दी घातलेली पहिली बाई आहे, ते सगळं नंतर. आधी, "ती व्हय, बापाच्या मातीला आली न्हाई ती."

अप्पा गेले तेव्हा माझी नेमणूक दूरच्या एका बेटावर होती. समुद्र खवळलेला, विमान उडेना. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात आणि कुणासाठी फार ताटकळत ठेवत नाहीत. मी पोचले तेव्हा खड्डा बुजला होता आणि वरची बेलाची पानं वाळली होती. माझा थोरला भाऊ, अण्णा, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढंही कितीतरी दिवस फोन केला की, "अव्वाला देतो," एवढंच. अव्वा म्हणजे आमची आई.

मला राग अण्णाचा आला नव्हता. त्या बेटावर मी करत काय होते? गोदाम सांभाळत होते! नौदलात येऊन इतकी वर्षं झाली, पण समुद्र बघायचा तो खिडकीतून. का, तर जहाजावर बायकांची सोय नाही. सोय म्हणजे न्हाणीघर. अरे, एवढं लोखंडाचं गाव पाण्यावर तरंगवता आणि एका दाराला आतून कडी बसवता येईना होय तुम्हाला? हे मी एकदा भर बैठकीत बोलले. सगळे हसले आणि बाई फार तिखट आहे म्हणून माझा बोभाटा झाला. होऊ दे. आमच्याकडं ठेचा रोजच खातात.

गावात तर मी नेमकं काय करते हेच कुणाला कळत नाही. बीदरच्या आभाळात सरावाची विमानं घिरट्या घालत असतात, त्यामुळं फौज म्हणजे विमान. शेजारची म्हातारी वर बघून विचारायची, "तुमच्याच हापिसातलं का गं हे? मग घरी कामून येईनास रोज?"

शेवटी ती कडी बसली एकदाची. मी सुटीवर घरी होते. अव्वाचं हृदय थकलं होतं, आणि आता जवळच राहा असं डॉक्टरांनी अण्णाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेवढ्यात फोन आला. जहाजावर नेमणूक, काही महिन्यांचा प्रवास, माझ्यासोबत दोन तरुण पोरी. साहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "घरची अडचण असेल तर सांगा. आम्ही समजून घेऊ."

त्या मऊ आवाजानं माझं डोकंच फिरलं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणणार होतं, बघा, बायकांचं हे असंच, ऐन वेळी घर आठवतं. त्या दोन पोरींची वाट तिथंच बंद. आणि हो म्हणावं, तर आतल्या खोलीत अव्वा दोन उशांना टेकून धापा टाकत होती. अप्पांच्या वेळी मला निदान आधी काही ठाऊक नव्हतं. आता सगळं ठाऊक असून निघायचं होतं.

अण्णाला सांगितलं. तो इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बोलला. "जा की. अप्पाच्या येळी समुद्र आडवा आला, अव्वाच्या येळी बी येऊ दे. लोकायला काय सांगायचं ते सांगतो मी, सवय हाय मला."

"लोक गेले खड्ड्यात!" मी ओरडले, आणि मग माझी मीच जीभ चावली.

अव्वानं आतून सगळं ऐकलं होतं. "कामून भांडायलाव रे?" तिनं दोघांना बोलावलं आणि मला म्हणाली, "जा, परसातली मूठभर माती आण."

मला वाटलं, दृष्ट काढायची असेल. आमची माती लाल, हाताला रंग सोडणारी. मी मूठभर घेऊन आले. अव्वानं पांघरूण बाजूला सारलं आणि सुजलेले पाय पुढं केले. "टाक."

"अव्वा!" अण्णा केवढ्यानं ओरडला. "असलं अभद्र काय करायलीस गं?"

"गप रे. तू असशीलच की मातीला. हिचं काय? हिनं आत्ताच टाकली म्हंजी झालं. मग कुणी म्हणायचं न्हाई, आली न्हाई म्हून."

माझी मूठ उघडेना. मी लहान पोरीसारखी हुंदके देत उभी होते. शेवटी अव्वानंच माझी बोटं एकेक करून सोडवली. माती तिच्या पावलांवर पडली. तिनं ती झटकली नाही.

"झाली माती," ती म्हणाली. "आता जा. आन् येळंवर जेवत जा."

मी गेले. अव्वा गेल्याचा निरोप आला तेव्हा आमच्या चारी बाजूंना पाणी होतं, किनारा कुठंच नाही. कप्तानांनी बोलावून सांगितलं. मी "येस सर" म्हणाले आणि हातातलं काम पुरं केलं. दुसरं काय करणार होते? मग न्हाणीघरात गेले, आतून कडी लावली आणि पोटभर रडले.

मातीच्या दिवशी काय झालं ते मला नंतर वहिनीनं सांगितलं. लोक जमले होते, आणि त्यातलं कुणीतरी बोललंच, "आईच्या बी मातीला आली न्हाई की." अण्णा खड्ड्याच्या काठावर हातात माती घेऊन उभा होता. तो तसाच वळला. "कोण म्हणायलंय? आपल्या समद्यांच्या आधी टाकून गेलीय ती."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या दिवशी अव्वाजवळून उठले तेव्हा निम्मी माती घामानं माझ्या तळहातालाच चिकटून राहिली होती. तिच्या पायांवर ती पडलीच नव्हती. आणि बसची वेळ झाली म्हणून मी ती नळाखाली धुऊन टाकली.