गोड पाणी

आमची विनोदिनीताई एका जागी बसलेली दिसली, की माय तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहायची. तामसी गावात आमच्या दारातला हातपंप खारा. गोडं पाणी गावाबाहेरच्या विहिरीचं, आणि ते भरायचं काम माय आणि ताईकडे. "हे खारं काऊन, ते गोड काऊन?" असं विचारून तिने सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. याच नादात ती आदिलाबादला बी.एस्सी. झाली, मग हैदराबाद, मग गोवा, आणि दोन हजार आठ साली थेट अंटार्क्टिकाच्या जहाजावर. काम काय, तर समुद्राचं पाणी तपासणं. गाव हसलं. पाणी भरायला एवढ्या लांब?

पुढच्या उन्हाळ्यात ती घरी आली. बसस्टँडवरच मला म्हणाली, "उद्धव, मी परत चालली. या खेपेला सहा महिने."

एकदाच जाईन, असा तिने मायला शब्द दिला होता. बाबा गेलेले, मी नोकरीपायी बोथ गावी, माय घरात एकटी. मला रागच आला. "तूच सांग मंग तिले," मी म्हटलं.

सांगेल तर शपथ! सकाळपासून तिने अंगण झाडलं, माळा आवरला, भाजीची तारीफ केली, मायच्या लुगड्याची केली. दुपारी ज्वारी निवडता निवडता मायनेच विचारलं, "तिथं पाह्यलं तरी काय तू?"

"बर्फ वितळून राह्यला माय. त्याचं पाणी गोड असते, हलकं असते. खाऱ्या पाण्यावरच तरंगत राह्यते."

"गोड पाणी? मंग तर चांगलंच झालं न!"

जिने जन्मभर गोड पाण्याचे हंडे वाहिले, ती दुसरं काय म्हणणार!

"नाही न माय. समुद्राचं खत खोल पाण्यात असते. बर्फातून थोडं भेटते, त्याच्यावर वरचं शेवाळ आधी मस्त वाढते. मंग ते खत सरते. खालचं घुसळून वर यावं, तर हे गोड पाणी झाकण घालून बसलेलं. समद्या जागी नाही, पण जिथं होते तिथं शेवाळ उपाशी, अन् ते खाऊन जगणारे जीव बी उपाशी."

मायचा सुपातला हात थांबला.

"सकाळपासून तू बी गोडच बोलून राह्यली, विना. खाली काय दाबून ठेवलं?"

ताई उठली, दारापर्यंत गेली, परत आली. "मी पुन्हा चालली माय. सहा महिने. शब्द मोडला मी."

मायने सूप बाजूला सारलं.

"मले एकटीले भेव वाटते. फोनवर मी बी 'बरं हाय, बरं हाय' म्हणत राह्यली. कधी सांगतलं नाही."

ताई रडत तिच्याजवळ बसली, ती दिवेलागणीपर्यंत हलली नाही. मायने तिचा ताप पाहिला नाही.

"जाय," शेवटी माय म्हणाली. "पण आता फोनवर दोघी बी खारंच बोलू."