इंजिनाच्या टाकीत मनीप्लँट

मी खानापूरच्या पुढच्या रानपट्ट्यात, रामनगरात जुनी यंत्रं दुरुस्त करतो. शिलाई मशीन, पंपाचे स्टोव्ह, हातानं फिरवायच्या शेवयांच्या मशीन, पाणी ओढायची इंजिनं. लोक आणून टाकतात, मी ती चालती करतो. घर सजवायला म्हणून एकही वस्तू मी आजवर कुणाला दिलेली नाही. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात एका रिसॉर्टच्या फाटकात जे पाहिलं त्यानं माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही. बायको म्हणते, आता पुरे करा. मी म्हणतो, पुरे का करू?

अणशीकडून परत येत होतो. तिथं एका बागेतला पंप बघायला गेलो होतो. वाटेवर हे रिसॉर्ट नवंच झालेलं. फाटकात काहीतरी सोनेरी चमकलं म्हणून मोटारसायकल उभी केली. बघतो तर डिझेलचं जुनं इंजिन. एका सिलिंडरचं, दोन्ही अंगांना जड लोखंडी चाकं असलेलं. वरपासून खालपर्यंत सोनेरी रंग फासलेला. आणि वरच्या उघड्या टाकीत, जिथं इंजिन गार राहावं म्हणून पाणी भरतात तिथं, माती भरून मनीप्लँट लावलेला. मला आधी हसूच आलं. मग डाव्या चाकाचा एक आरा दिसला. तो कधीतरी तुटला होता आणि त्यावर पितळेचा सांधा मारलेला होता. रंगाखालीसुद्धा त्याचा फुगवटा मी ओळखला, कारण तो सांधा माझ्या हातचा होता.

इंजिन दिग्गीच्या वाटेवरच्या एका लहानशा गावचं. त्या गावात एक बाई राहतात, साठीच्या पुढच्या. सगळा गाव त्यांना अक्का म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. माहेर खानापूरकडचं, लग्न होऊन रानात आलेल्या. त्यांचे मालक याच इंजिनावर भात भरडायची गिरणी चालवायचे. मालक गेले, पुढे गावात लाइट आली, लांबच्या मोठ्या गावात मोटारीची गिरणी झाली आणि इंजिन बंद पडलं. पण आमच्याकडची लाइट म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच ठाऊक. आषाढात एकदा का झाडं तारांवर पडायला लागली की आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस काळोख. घरात भात भरलेलं आणि तांदूळ नाही. बायका डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, भाताचं ओझं उचलून, ओढे ओलांडत मोटारीच्या गिरणीवर जायच्या आणि गिरणीला कुलूप बघून तेच ओझं परत आणायच्या. मग घरी उखळ आणि मुसळ.

अक्का माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली एक स्प्रिंग होती. दोन तुकडे झालेली.

"दादा, हिचा जोड मिळंल काय?"

स्प्रिंग व्हॉल्व्हची होती. मी विचारलं, "इंजिन कुठं आहे, अक्का?"

"घरात हाय की. झाकून ठेवलंय."

"किती वर्षं बंद आहे?"

"बंद म्हंजे चालवायला माणूस न्हाई. मेलं न्हाई ते."

मला वाटलं, सगळे असंच म्हणतात. जाऊन बघितलं तर खरंच मेलेलं नव्हतं. दर खंडेनवमीला त्या इंजिन पुसून, खोबरेल चोपडून पूजा करत आल्या होत्या. देवभोळेपणानं केलेल्या त्या कामानं गंजाला बाहेरच ठेवलं होतं. पिस्टन मात्र आत धरून बसला होता. त्यावर डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतून आम्ही तसंच राहू दिलं. मी दर आठवड्याला जायचो, चाकाला हलका हिसका द्यायचो आणि परत यायचो. अक्का चहा द्यायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणतंय?" जणू आजारी माणूसच. एक दिवस चाक बोटभर सरकलं. मी ओरडलोच. रिंगा नवीन घातल्या, नोझल साफ केलं, तुटका आरा सांधला, पट्टा खानापूरहून आणला. सगळ्यात मोठं नवल म्हणजे हँडल मारायला अक्का स्वतः पुढं झाल्या. मी म्हटलं, राहू दे, उलटा झटका बसला तर मनगट जाईल.

"मालक तापानं पडले की कोण चालवायचं गिरणी? मीच की," त्या म्हणाल्या.

सिलिंडरचा दाब सोडणारा खटका उचलून त्यांनी चाकाला वेग दिला, खटका सोडला, आणि इंजिननं पहिला काळा ठसका टाकून टुक... टुक... टुक सुरू केलं. आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या. एकीच्या हातात पिठाची परात तशीच होती.

पुढचे दोन पावसाळे त्या गिरणीवर आसपासच्या वाड्यांचं भात भरडलं गेलं. अक्कानं आणखी तिघींना शिकवलं. लाइट असो-नसो, कुणी विचारेना. मला माझ्या कामाचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

मग हे इंजिन रिसॉर्टच्या फाटकात, मनीप्लँट लेवून कसं उभं राहिलं?

त्याच दिवशी मी गाडी वळवून गावात गेलो. अक्का अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. त्यांनी सांगितलं ते असं. सुगी आटोपल्यावर मी बेळगावला मुलीच्या बाळंतपणात अडकलो होतो, तेव्हा रिसॉर्टचा मालक जीपमधून आला. शहरातला तरुण माणूस, बोलायला गोड. अक्काच्या पाया पडला. म्हणाला, आमच्याकडं उद्घाटन आहे, मोठमोठे पाहुणे येणार आहेत, त्यांना तुमचं चालतं इंजिन दाखवायचंय. भात कसं भरडतात ते बघू दे शहरातल्या लोकांना. पावसाच्या आत परत आणून देतो, वर ऑइलपाणी करून. गावानं विचार केला, माणूस मोठ्यांच्या पाया पडतो, आपली गिरणी लोकांना दाखवू म्हणतो. चौघांनी मिळून इंजिन आणि त्यावर चालणारा भात भरडायचा हलर जीपमागच्या ट्रॉलीत चढवून दिला.

"वापस आणतो म्हणालाय की," अक्का म्हणाल्या. "अजून पाऊस लागला न्हाई."

मी त्यांना मनीप्लँटचं सांगितलं. आधी त्यांना कळलंच नाही.

"पाण्याच्या टाकीत?"

"व्हय अक्का. माती घालून."

त्यांनी हातातलं आमसूल उलटून ठेवलं. मग म्हणाल्या, "माझ्या पाया पडला तो."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच रिसॉर्टवर गेलो. फाटकात नीट बघितलं तेव्हा आणखी दिसलं. चाकं फिरू नयेत, पाहुण्यांच्या पोरांची बोटं अडकू नयेत, म्हणून दोन्ही चाकं बुडाच्या लोखंडाला वेल्डिंगनं जोडून टाकलेली. डिझेलच्या टाकीला फट पाडून तिच्यावर "सूचना पेटी" असं लिहिलेलं. आणि जेवणाच्या खोलीत दिव्यावर झाकण म्हणून, काय असेल? आमच्या हलरची जाळी. भोकाभोकांतून उजेड टेबलावर पडत होता आणि खाली माणसं मासे खात होती.

मालक आला. मी सांगितलं, मी कोण, इंजिन कुणाचं. तो हसून म्हणाला, "अरे वा, तुम्हीच ते! काय सुंदर पीस आहे हो. सगळे त्याच्यासोबत फोटो काढतात."

"पीस नाही ते, गिरणी आहे. चाकं का वेल्ड केलीत?"

"सेफ्टी."

"तुम्ही चालवून दाखवणार होता."

"एकदा चालवलं की. उद्घाटनाला. पण काका, धूर, आवाज... लोक इथं शांततेसाठी येतात. आणि खरं सांगू? आम्ही नेलं नसतं तर ते त्या खोपटात गंजून गेलं असतं. निदान आम्ही ते जपलं."

जपलं! मी आयुष्यात पुष्कळ मोडतोड बघितली आहे. भंगारवाल्यानं घणानं फोडलेली मशीन बघितली, पण तो भंगारवाला निदान मी फोडतो असं म्हणतो. जे रोज घाम गाळून चालू होतं, ज्याच्यावर चार वाड्यांची चूल पेटत होती, त्याचा गळा दाबायचा, त्याला सोनेरी रंग फासायचा, आणि वर म्हणायचं जपलं! मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. टेबलावरची माणसं वळून बघायला लागली एवढं आठवतं. मालक म्हणाला, "शांत व्हा, चहा घ्या." मी चहा घेतला नाही.

गावात परतून सांगितलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "उद्या आमी येताव."

खरंच आल्या. शिकवलेल्या तिघी आणि त्या, ओळखीच्याच्या पिकअपमध्ये पाठीमागं बसून. माझ्याकडून मी वेल्डिंग कापायला ग्राइंडर, वजन उचलायला चेनब्लॉक आणि दोन दणकट गडी घेतले. रविवार होता. फाटकातल्या पोरानं बायकांना बघून आत निरोप दिला, आणि मालक हात जोडून बाहेर आला. पिकअपमागं सामान उतरवणारे आम्ही त्याला दिसलो नव्हतो; त्याला वाटलं, गावच्या बायका पाहुण्यांना भेटायला आल्या आहेत. एका पाहुणीला हाक मारून म्हणाला, "या, या, इंजिनच्या खऱ्या मालकिणीबरोबर फोटो घ्या!"

अक्का सरळ इंजिनाजवळ गेल्या. मनीप्लँटला बुडाशी धरलं आणि मातीसकट उपसून बाहेर ठेवलं. फेकलं नाही, भिंतीच्या सावलीत नीट ठेवलं. मग टाकीत हात घालून ओली माती ओंजळीनं बाहेर काढायला लागल्या. तिघीजणी कामाला लागल्या.

"अहो, हे काय करताय?" मालकाचा आवाज आता गोड नव्हता.

"पावसाच्या आत देतो म्हणालतास," अक्का वर न बघता म्हणाल्या. "पाऊस आला न्हवं का दाराशी. तुला तरास कश्याला, आमीच आलो."

"असं नेता येणार नाही. मी पोलिसांना बोलवीन."

"बलीव. त्यास्नी पण सांगतो की कुणाचं हाय."

मी ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या तशी पाहुण्यांची पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच. मला वाटलं होतं, आता भांडण होणार. माझी तयारी होती. पण मालकानं इकडंतिकडं बघितलं, फोन उचलून शूटिंग करणारे चारदोन हात बघितले, आणि खांदे उडवून हसला.

"घेऊन जा हो. हुबळीच्या भंगार बाजारात असली ढिगानं पडलीत. उद्या दुसरं आणीन."

खरं सांगतो, तो भांडला असता तर मला इतकं लागलं नसतं. जे आमच्यासाठी इतकं होतं ते त्याच्यासाठी एवढंही नव्हतं. मी ग्राइंडर खाली ठेवून त्याच्याकडं जाणार होतो, अक्कानं माझ्या दंडाला धरलं. "दादा, जाळी राहिली," त्या म्हणाल्या. त्या स्वतःच जेवणाच्या खोलीत गेल्या, खुर्चीवर चढल्या आणि दिव्यावरची जाळी काढून पदरात घेऊन आल्या. एक पाहुणा ताट घेऊन बाजूला सरकला.

इंजिन माझ्या दुकानात आलं आणि उघडल्यावर मी कपाळाला हात लावला. टाकीच्या कोपऱ्यात उभी चीर गेली होती आणि झाडाला रोज घातलेलं पाणी तिच्यातून झिरपून सिलिंडरच्या आत गेलं होतं. आत गंजाचे खड्डे पडले होते. खोबरेल तेलानं इतकी वर्षं जे राखलं ते एका उन्हाळ्यात संपलं. मी खानापूरपासून हल्याळपर्यंत शोधत फिरलो. शेवटी एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात त्याच जातीचं इंजिन उसाच्या चिपाडाखाली सापडलं. गुऱ्हाळवाल्यानं विचारलं, "काय करणार त्याचं?" मी म्हटलं, "भात भरडणार." तो म्हणाला, "मग न्या." त्याचं सिलिंडर आणि आमची चाकं, असं दोघांचं मिळून एक इंजिन उभं केलं. ज्येष्ठ सरत आला होता. पावसानं जोर धरल्यावर रस्ता चिखलानं बंद होईल म्हणून घाईनं पोचवलं.

ते पहिल्यासारखं चालत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यापेक्षा जास्त धूर ओकतं, हलर पूर्ण भरला की दमतं, मधेच श्वास घेतं. पण चालतं. आषाढात तारा तुटल्या तेव्हा मी मुद्दाम गेलो. गिरणीसमोर पडवीत बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, कोंड्याची धूळ सगळ्यांच्या केसांवर बसली होती, आणि त्या तिघींतली सगळ्यात धाकटी हँडल मारत होती. पहिल्या झटक्यात चालू झालं नाही. दुसऱ्यात झालं.

मी पडवीत बसून पुन्हा त्या रिसॉर्टवाल्याचा विषय काढला. त्यानं म्हटल्याप्रमाणं दुसरं इंजिन खरंच आणलं होतं, मी येता येता बघितलं होतं. हिरवा रंग, टाकीत जास्वंद. ते कुठल्या गावचं असेल, त्यावर कोण कोण भरडून, पाणी पाजून जगलं असेल, असं मी तावातावानं सांगत होतो. अक्का हलरच्या तोंडाशी हात धरून तांदळाचा दाणा तपासत होत्या. इंजिनाच्या आवाजात त्यांना माझं निम्मंच ऐकू येत होतं.

"तुमी बोलत बसा," त्या ओरडून म्हणाल्या, "पर ती टोपली तेवढी हिकडं सरकवा. भरली बघा."

मी टोपली सरकवली.