समितीपुढे टाकलेलं हाडूक

माद्रिदच्या सिनेमावाल्यांत कासिमिरो ओर्बेगोसोचं नाव होतं ते हाडकं लिहिण्याबद्दल.

हुकूमशाहीच्या त्या काळी सिनेमाची संहिता आधी सेन्सॉर समितीकडे जायची. समितीत एक पाद्री, एक निवृत्त कर्नल आणि ज्याच्या कविता कोणी फुकटही छापत नसे असा एक कवी. या तिघांना काही कापल्याशिवाय जेवण पचत नसे. म्हणून धंद्यातली रीत अशी की ज्या गोष्टीसाठी सिनेमा काढायचा तिच्या आगेमागे दोन-तीन चावट प्रसंग घालून ठेवायचे, खास कापले जावेत म्हणून, कुत्र्यापुढे हाडूक टाकावं तसे. समिती त्यांच्यावर तुटून पडायची, ढेकर द्यायची, आणि खरी गोष्ट तिच्या नाकाखालून निघून जायची. ही हाडकं कासिमिरो कॅफेत बसून दुसऱ्यांसाठी लिहायचा. परकर वाळत घालणारी विधवा, न्हाणीघराच्या खिडकीशी अडकलेला बिशप. थोर थोर दिग्दर्शक त्याला कॉफी पाजत आणि श्रेयनामावलीतून वगळत.

चाळिशी उलटल्यावर त्याने स्वतःची संहिता लिहिली, ती बहिणीसाठी. ओब्दुलियाला लग्नाआधी दिवस गेले तेव्हा बापाने तिला परगावच्या नन्सच्या आश्रमात टाकलं होतं आणि शेजाऱ्यांना सांगितलं होतं, मावशी आजारी आहे. तिने बाळाचं रडणं ऐकलं. सकाळी नन म्हणाली, "देवाने नेलं त्याला. विसरून जा पोरी, त्यातच तुझं भलं." तोंड दाखवा म्हणून ती हात जोडत राहिली. कोणी दाखवलं नाही. पुढे घरात तिने हे इतक्यांदा काढलं की बापाने तिला वेडी ठरवून टाकलं.

"मिरो," ती भावाला म्हणाली होती, "पडद्यावरच्या बाईला तरी चारचौघांत विचारू दे, माझं बाळ कुठे आहे म्हणून. मला तेवढंच बघायचंय."

त्या एका प्रश्नाच्या राखणीसाठी कासिमिरोने आयुष्यातलं सर्वोत्तम हाडूक लिहिलं. समुद्रकिनारा, बिकिनी घातलेल्या दोन स्वीडिश मुली आणि त्यांच्यामागे वाळूत रांगणारा एक कर्नल.

चूक एवढीच झाली की कुत्र्याची चव बदलली होती. सरकारला आता पर्यटक हवे होते. काल जे पाप होतं ते आज परकीय चलन झालं होतं. कॅफेत बसून देशाची नस ओळखतो म्हणणाऱ्या या शहाण्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"डॉन कासिमिरो, स्वीडिश मुली झकास!" समितीच्या बैठकीत पाद्री फादर एव्हारिस्तो म्हणाले. "आणखी एक घाला."

"आणखी एक?"

"अहो, आपण काय मागासलेले आहोत?"

"त्या कर्नलला मात्र मेजर करा," कर्नल गुरगुरला.

"पण ही नन आईला बाळाचं तोंडही दाखवत नाही, हे काय लिहिलंत?" फादरनी पानावर लाल पेन्सिल टेकवली. "नन्स असं करत नाहीत."

"करतात, फादर."

"केलं तरी करत नाहीत."

कवीने डोळे मिटले. "मी सुचवतो. मुलीला विधवा करा. बाळ तापाने जातं, आणि नन म्हणते, देवाने नेलं त्याला. विसरून जा पोरी, त्यातच तुझं भलं."

हे वाक्य कासिमिरोने संहितेत लिहिलंच नव्हतं. "हे... तुम्हाला कुठून सुचलं?"

"सुचतं," कवी लाजून म्हणाला.

निर्मात्याने हक्क आधीच घेऊन ठेवले होते, त्यामुळे कासिमिरोच्या नाही म्हणण्याला कॅफेतल्या वेटरच्या शब्दाइतकीही किंमत नव्हती. बाईचा प्रश्न कापून निघालेला सिनेमा तुफान चालला. पुरुष स्वीडिश मुलींसाठी जात, बायका ननसाठी रडत, आणि दोघेही शुद्ध होऊन घरी येत.

येऊ नकोस म्हटलं तरी ओब्दुलिया बसने आली. सिनेमा संपला तशी ती रुमालांच्या त्या गर्दीतून कोरड्या डोळ्यांनी बाहेर पडली.

"ननचं बोलणं तू लिहिलंस?"

"नाही गं. समितीने."

"तू सांगितलं होतंस त्यांना?"

"आईची शपथ, नाही. त्यांना आपोआप सुचलं."

"शब्दन्‌शब्द तेच, आणि आपोआप?" ती फुटपाथवरच थांबली. "मग जगात सगळ्यांनाच हे बोलणं पाठ आहे म्हणायचं, आणि त्यामागचं खरं ठाऊक आहे, मी सोडून. चल. बाळ पुरलं कुठे तेही ठाऊक असेल त्यांना. आणि पुरलं नसेल तर कोणाला दिलं ते."

"ओब्दुलिया, ते लोक असं..."

"तू आयुष्यभर त्यांना चकवलंस ना? आता एकदा सरळ विचारू."

सोमवारी दोघं समितीच्या कचेरीत गेली. फादर खूश होते. "या डॉन कासिमिरो! दुसरा भाग लिहिताय ना? ह्या कोण, नटी?"

कोणी बस म्हणायच्या आत ओब्दुलिया खुर्चीवर बसली. "माझं बाळ कुठे आहे?"

फादर एव्हारिस्तोंनी सवयीने लाल पेन्सिल उचलली. समोर कापायला कागदच नव्हता. बाई उत्तराची वाट पाहत होती.

पेन्सिल त्यांनी खाली ठेवली आणि तिला बाहेर काढायला शिपायाला हाक मारली.

शिपाई आला. ओब्दुलिया उठली नाही.