बेबाची दोन वळणं

माझी नणंद बेबाबाई. वय तीस, पण घरापासून तिच्या भावाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, सायकलच्या दुकानापर्यंत दोन वळणं आहेत, ती तिला एकटीला कधी सापडली नाहीत. उंबऱ्यावर पाय हातभर उचलायची, जमिनीवरच्या सावलीपाशीही खड्डा असल्यागत थबकायची. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "जन्मतःच आहे, बीजातलंच. माणसं, नावं, बोलणं पक्कं बसतं. जागा नि अंतर बसत नाही." गल्लीत कोणाच्या पोराला दात आला, ते हिला आधी ठाऊक!

रोज दुपारी दुकानात डबा ती न्यायची आणि तिच्यामागे मी. अकरा वर्षं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या सुना माहेरी जायच्या, माझं अमळनेर राहून जायचं. थकले हो मी, खोटं कशाला बोलू?

ब्याण्णव साली युक्ती सुचली. पहिल्या वळणावर सुनंदाबाईचं घर, दुसऱ्यावर यशोदाबाईचं. बेबानं हाक मारायची, "बाई, जेवनी का?" आतून ओ आली की आवाजाच्या अंगाला वळायचं. महिनाभर घोकून घेतलं. जमलं की! लांबून बघताना माझे डोळे भरून आले.

आखाजीच्या आदल्या दिवशी पिशवी भरली आणि सुटले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आमचे हे अमळनेरला दारात, सांगत आले. बेबा सुनंदाबाईच्या बंद दारासमोर तीन तास उन्हात हाका मारत उभी होती. पायांना फोड आले होते.

मी तडकलेच. "सणाच्या दिवशी घरी येऊन जेवला असता तर काय बिघडलं असतं?" पण बोलता बोलताच ध्यानात आलं. आखाजी! गल्लीतल्या बठ्ठ्या, एकूण एक सुना माहेरी गेलेल्या. मी गेले, तशी सुनंदाबाईही गेली. एवढं साधं मला सुचू नये?

तशीच एस.टी.नं परत आले. बेबा खाटेवर पाय सोडून बसलेली, घसा पार बसलेला. मला बघून हसली.

"वहिनी, सुनंदाबाई बोलनीच नही. मी बराबर उभी व्हतू ना?"

"बराबरच व्हती माय," म्हटलं. "मीच चुकले."

दुसऱ्या दिवशी डबा मी एकटीनं नेला. सुनंदाबाईच्या दाराशी आले आणि उगाचच हाक मारली, "बाई, जेवनी का?" आतून कोणी बोललं नाही. मला वळण ठाऊक होतं, तरी थोडा वेळ तिथंच उभी राहिले.