आंब्याच्या पेंढ्याची खुर्ची

टणक वस्तूंवर जन्मभर डूख धरून बसलेला माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरात राहायला होता. आमच्या ह्यांचे मामा. मूळचे साताऱ्याकडचे, सगळं आयुष्य फळबाजारात गेलेलं. आधी मुंबईत, मग बाजार वाशीला हलला तेव्हा बाजाराबरोबर तेही खाडी ओलांडून आले. काम काय, तर आंब्याच्या पेट्या मोजून घ्यायच्या. आणि बसायचं कुठे, तर त्याच पेट्यांवर, म्हणजे फळ्यांवर आणि वर आलेल्या खिळ्यांवर. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नाही, म्हणून काम सुटल्यावर ते नेरूळला आमच्या बैठ्या घरातल्या मागच्या खोलीत आले. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. येताना आणलं काय? एक ट्रंक, गोणी शिवायचं भलंमोठं दाभण, सुतळीचे गुंडे आणि जग मऊ करायचा निश्चय. "सूनबाई," पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मानूस झोपतो थोडा आन् बसतो जास्त. मग बसायचं ते तरी मऊ नगं व्हय?" मी आपली भाबडेपणाने हो म्हणाले.

झालं! ह्यांच्या स्कूटरच्या सीटवर त्यांनी एवढी जाड गादी चढवली की ह्यांचे पाय जमिनीला पुरेनात. तुर्भे नाक्यावर सिग्नलला थांबता थांबता हे स्कूटरसकट शांतपणे आडवे झाले. मामा म्हणाले, "पर कुटं लागलं का? न्हाय ना? मग!" माझ्या पाट्याखाली गादी घातली, तर चटणी वाटताना पाटा वरवंट्याबरोबर स्वयंपाकघरभर फिरायला लागला. देवघरातल्या बाळकृष्णाला अशी गुबगुबीत बैठक शिवली की जरा जोरात घंटा वाजवली तरी देव कलंडायचे. सोसायटीच्या चेअरमनची खुर्ची मऊ करून दिली, तेव्हापासून मीटिंग संपेना. कोणाकडे गेलं की ते आधी सोफा अंगठ्याने दाबून बघायचे, हापूस दाबावा तसा. एका साखरपुड्यात तर त्यांनी खुद्द नवऱ्यामुलाच्या वडिलांना उठवलं आणि त्यांची खुर्ची उलटी करून खालून पाहिली. अहो, भर मांडवात! मी पदराआड तोंड लपवून बसले.

हे सगळं मी हसून सोसलं. पण माझ्या खुर्च्यांना हात लागेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. त्या सहा सागवानी खुर्च्या माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या खानावळीतल्या. पाठीला बारीक कातीव उभ्या दांड्या आणि बसायला गुळगुळीत फळी. अण्णांची लालबागला खानावळ होती. त्यांचा सिद्धांत असा की खुर्ची टणकच हवी. मऊ असली की गिऱ्हाईक रेंगाळतं आणि मागचा माणूस उपाशी उभा राहतो. खानावळ बंद झाली तेव्हा सगळं विकलं, या खुर्च्या तेवढ्या मला दिल्या. पण स्वतः त्यांच्यावर कधी बसून जेवले नाहीत. लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हा जुना नेम ते पाळायचे. आणि मला मूल नव्हतं. वर्षातून एकदा यायचे, उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि "चल, निघतो" म्हणायचे. अख्ख्या लालबागला जेवू घातलेला माझा बाप, माझ्या हातची आमटी कशी होते हे त्याला ठाऊक नव्हतं. दर वेळी ते गेले की मी मोरीत जाऊन रडून घ्यायची.

त्या मे महिन्यात मी आठवडाभर नणंदेकडे गेले होते. परत येऊन दार उघडते तर काय, अगं बाई गं! समोर सहा जांभळ्या वेलवेटच्या बाया फेर धरून उभ्या! कुठल्याशा लग्नाच्या मांडवातलं उरलेलं कापड, त्याच्या आत गोणपाट, चारी कोपऱ्यांना गोणीला असतात तसे सुतळीने आवळलेले कान. पाठीच्या एकेका दांडीला तर वेगवेगळं गुंडाळलं होतं, हात मोडल्यावर प्लास्टर घालतात तसं. मी पिशवी दारातच टाकली. मामा मात्र नवरीच्या बापासारखे बाजूला उभे. "आत भाताचा पेंढा हाय, आंब्याच्या पेट्यातला. दोस्तांनी गोन्या भरून दिला. बसून तर बग!" बसले. काहीतरी टोचलं. "नवी गादी हाय," मामा म्हणाले, "बसंल हळूहळू."

पुढे चार-सहा दिवसांत घरात आंब्याचा घमघमाट सुटला. आम्ही फडताळं शोधली, माळा शोधला, आंबा कुठेच नाही. इकडे ती टोचणारी खुर्ची मात्र रोज मऊ होत चालली. "बग, बसली का न्हाय गादी?" मामांची छाती फुगली. सगळ्यात मऊ म्हणून ती खुर्ची त्यांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवली, आणि अशात अण्णा आले. पांढरं शुभ्र परीटघडीचं धोतर, टोपी. आत नजर गेली आणि जागच्या जागी थिजले. "माझ्या खुर्च्या कुठायत?" मामा म्हणाले, "ह्याच की!" अण्णा लालबुंद झाले. आता हे उंबऱ्यावरूनच परत फिरणार, पुन्हा येणारच नाहीत, अशी मला धास्ती पडली. तेवढ्यात मामांनी त्यांचा दंड धरला आणि "आवं पावनं, टेकून तर बगा" म्हणत त्यांना त्या राखीव खुर्चीत बसवलंसुद्धा.

पच्च! असा काही आवाज झाला की मी डोळेच मिटले. अण्णा उठले. मागे धोतरावर ताटाएवढा पिवळाधमक डाग. पेंढ्याबरोबर एक अख्खा हापूस आत शिवला गेला होता आणि पेंढ्याच्या उबेला आरामात पिकला होता! मामांचा चेहरा पार उतरला. पण मुकाट राहतील तर मामा कसले? हळूच म्हणाले, "पावनं, लेकीच्या घरचा आंबा तुमी खाल्लाच की. बसून का हुईना. आता नेम मोडलाच, तर वरन-भातानं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, संपलं आता सगळं! अण्णा मामांकडे बघत राहिले, मग धोतराकडे, मग खुर्चीकडे. आणि हसायला लागले. अण्णांना हसताना मी लहानपणीसुद्धा क्वचित पाहिलेलं. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. धोतर धुऊन वाळत घातलं, मामांची चट्टेरी लुंगी नेसले, आणि लुंगीवर काही लालबागला जाता येईना. दुपारी मी न विचारता पान वाढलं. ते मुकाट्याने जेवायला बसले. आमटी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "चिंच जरा कमी घाल." एवढंच. पण मला तेवढं जन्माला पुरलं. पुढच्या खेपेला आले तेव्हा पिशवीत एक जादा धोतर होतं. ते त्यांनी गुपचूप आमच्या खुंटीला अडकवून ठेवलं.

मूल आम्हाला झालं नाही ते नाहीच. अण्णा मात्र येत राहिले, जेवत राहिले. मामा दर उन्हाळ्यात त्यांच्या खुर्चीत नवा पेंढा भरायचे, आणि आता प्रत्येक मूठ तपासून. असाच पेंढा भरून झाला आणि दोन दिवसांत मामा गेले, बसल्या बसल्या. मला अजून ते खरं वाटत नाही. अंगणात शेजारी तिरडी बांधत होते. वर अंथरायला गवत लागतं, ते आमच्या सिमेंटच्या नेरूळमध्ये लगेच कुठून मिळणार? नुसते उघडे बांबू बघून मला भडभडून आलं. अहो, एवढ्या टणकावर आमचे मामा? बातमी कळताच आलेले अण्णा उठले. आत गेले, विळीने आपल्या खुर्चीचं वेलवेट उसवलं आणि सगळा पेंढा ओंजळी ओंजळीने आणून बांबूंवर नीट पसरला. अंगणभर हापूसचा वास सुटला.

ती खुर्ची अण्णांनी मला पुन्हा भरू दिली नाही. त्यानंतर आले की त्याच उघड्या, टणक फळीवर जेवायला बसायचे, आणि जेवण झाल्यावरही कितीतरी वेळ उठायचे नाहीत.