सवतीचा टाक

माझं लग्न झालं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आधी ठरलेलं एक लग्न मोडलं होतं, आणि त्यानंतर शिंदखेड्यात माझ्या वडिलांच्या दारात कुणी फारसं फिरकलं नाही. एरंडोलजवळच्या गावातलं हे स्थळ आलं ते बिजवराचं. पहिली बायको कावीळ होऊन दोन वर्षांपूर्वी गेलेली, मागे चार वर्षांची मुलगी. कपाशीची शेती, घरात सासू, नवरा आणि ती मुलगी, एवढीच माणसं. वडील म्हणाले, "तू हो म्हणालीस तरच." मी हो म्हणाले.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी सासूबाईंनी मला समोर बसवलं आणि टाकाचं सांगितलं. त्या घरात रीत होती की दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटी मूर्ती. देवघरात देवांचे टाक असतात, तसाच हा, फक्त मेलेल्या सवतीचा. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, गोडधोड केलं की पहिला घास टाकाला दाखवायचा.

"पहिलीना मान पहिलीलेच," सासूबाई म्हणाल्या. "नही तं ती घरमा फिरस."

मी शिकलेली होते, हसू आलं असतं. पण त्या घरात मला हसू येत नव्हतं. मुलगी माझ्या हातचं खात नव्हती. मी ज्या खोलीत जाईन तिथून ती उठून उंबऱ्यावर जाऊन बसायची, आणि माझ्या खांद्याच्या मागे कुणी उभं असावं तशी तिथे बघत राहायची. आठ दिवसांत मलाही मागे वळून पाहायची सवय लागली.

तयार टाक जळगावच्या बाजारात मिळायचे. ठशावर पत्रा ठोकून काढलेले, सगळ्यांचे डोळे वाटाण्यासारखे, सगळी नाकं एकसारखी. माझे वडील शाळेत चित्रकलेचे मास्तर. लहानपणापासून त्यांनी मला वस्तू हातात घेऊन बघायला शिकवलं होतं. "काम कसं आहे ते मधे दिसत नाही, कडेला दिसतं," असं ते म्हणायचे. मी सासूबाईंना म्हटलं, गळ्यात जन्मभर घालायचा तर हातानं घडवलेला घालीन. त्या म्हणाल्या, एरंडोलला एक म्हातारा सोनार आहे, तो ठसा वापरत नाही.

कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. सासूबाई शेतात, म्हणून मुलीला घेऊन मी एसटीनं एरंडोलला गेले. वाटभर ती माझ्यापासून हातभर लांब बसली होती.

बाजारामागच्या गल्लीत सोनाराचं दुकान होतं. दुकान म्हणजे ओसरीच. एक गादी, निखाऱ्यांची शेगडी, तोंडानं फुंकायची नळी, आणि लाकडाच्या ठोकळ्यात उभ्या खोचलेल्या तीसेक छिन्न्या. काही सुईएवढ्या बारीक. सगळ्या त्यांनी स्वतः घडवलेल्या. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हटलं. मी काम सांगितलं. त्यांनी विचारलं, "कशी होती ती?"

"मी पाहिलं नाही, आबा."

"फोटो?"

फोटो एकच होता, लग्नातला. त्यात मान खाली, पदर आणि मुंडावळ्या. चेहऱ्याच्या जागी सावली. मी तसं सांगितलं. मुलगी त्यांच्या समोर पायरीवर बसली होती, तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, तीन आठवडी बाजार लागतील. येताना हिला घेऊन येत जा."

त्या तीन बाजारांच्या दिवसांसारखं काही मी पुन्हा पाहिलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी चांदी ठोकून ठोकून इतकी पातळ केली की पिंपळपानासारखी ती बोटांत थरथरायची. ठोकली की ती कडक होते. मग निखाऱ्यावर धरून, लालसर झाली की पाण्यात बुडवून पुन्हा मऊ करायची. नंतर थाळीत राळ वितळवून त्यावर पत्रा पालथा बसवला. राळ निवली की ती पत्र्याला धरूनही ठेवते आणि छिन्नीखाली जराशी दबतेही. चेहरा मागून उठवायचा असतो. म्हणजे कारागीर नाक बघत नाही, नाकाचा खड्डा बघतो. पुढून काय दिसेल ते त्याला डोळे मिटूनच माहीत असावं लागतं.

दुसऱ्या बाजारी ते मागूनच ठोकत होते. हातोडीचा आवाज इतका हलका की भिंतीत कुणीतरी नखानं टकटक करतंय असं वाटावं. मधेच थांबून मुलीकडे बघायचे आणि पुन्हा ठोकायचे. मुलगीही हलायची नाही. एरवी मी आले की उठून जाणारी ती पोर दोन-दोन तास त्या आवाजाकडे कान लावून बसायची.

तिसऱ्या बाजारी त्यांनी राळ जाळून काढली, टाक रिठ्याच्या पाण्यात घासला आणि माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याच्या पेराएवढी बाई. चेहरा करंगळीच्या नखाएवढा. पण पापणी होती, पापणीखाली किंचित थकवा होता, खालचा ओठ एका बाजूला जरा दाबलेला, बोलता बोलता थांबल्यासारखा. मी कडा पाहिल्या. पदराची कड केसाएवढी बारीक दुमडली होती आणि कुठेही कानस लागल्याची खूण नव्हती. डाव्या भुवईवर एक आडवी बारीक रेघ होती. मला वाटलं, गोंदणाची असेल.

"एक दाखवतो," आबा म्हणाले. त्यांनी टाक उलटा केला. मागची पोकळ बाजू शेगडीच्या उजेडासमोर धरली आणि हळूच तिरकी केली. त्या खड्ड्यातला चेहरा एकदम भरल्यासारखा दिसला आणि माझ्याकडे वळला. मी सरकले तशी त्याची नजर माझ्यामागे सरकली.

मी दचकून हात मागे घेतला.

"पोकळ कामात असं होतंच," ते म्हणाले. "चांगलं उठलं असेल तरच होतं. पण दिवा लागल्यावर उलटीकडून बघत जाऊ नको. मन खराब होतं." मग त्यांनी काळा दोरा ओवला आणि विचारलं, "तोंड बाहेर ठेवू की तुझ्या अंगाकडे?"

"बाहेर," मी म्हटलं.

घरी सासूबाईंनी हळदकुंकू लावायला टाक हातात घेतला. त्यांचा हात तसाच राहिला.

"माय वं," त्या म्हणाल्या. "हाई तर तीच शे. बठ्ठी तीच."

त्यांनी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मान फिरवूनच माझ्या गळ्यात दोरा बांधला. मुलगी उंबऱ्यावरून उठली, सरळ माझ्याजवळ आली आणि माझ्या मांडीवर चढली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. टाक मुठीत धरून म्हणाली, "मनी माय." माझी आई. आणि तशीच झोपी गेली. माझ्या गळ्याला दोरा काचत होता, पण मी हलले नाही.

दिवेलागणीला नवरा शेतातून आला. हातपाय धुऊन पाटावर बसला. मी वाढायला वाकले तसा टाक त्याच्या डोळ्यांसमोर लोंबला. त्याचा हात ताटावरच थांबला. तोंडावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं.

"तुले कोनी सांगं?" त्यानं विचारलं.

"काय?"

त्यानं स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. मग उठला आणि न जेवता बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिच्या भुवईवर खोक होती, चौकट लागली होती. मुलीच्या जन्मानंतरची गोष्ट. फोटोत ती नसणारच, फोटो लग्नातला. मी एकेक शक्यता मोजून पाहिली. मला ठाऊक नव्हतं, मुलीच्या भुवईवर काही नव्हतं, मग आबांना कुणी सांगितलं?

मी त्यांच्याकडे गेले. माझ्या मनात सरळ उत्तर होतं, की ती कधीतरी जोडवी करायला त्यांच्याकडे आली असेल. आबांनी नाही म्हटलं. आमच्या गावची बाई कधी आल्याचं त्यांना आठवत नव्हतं. चेहरा त्यांनी मुलीवरूनच केला होता. मुलीच्या चेहऱ्यात पंचवीस वर्षं घातली, असं ते म्हणाले.

"आणि भुवईवरची रेघ?"

आबा खाली बघत म्हणाले, "ती मी केली नाही. छिन्नी घसरली. पोरी, चाळीस वर्षांत माझा हात घसरला नाही. शरमेनं तुला सांगितलं नाही. तू बोलली नाहीस, मला वाटलं दिसली नाही." त्यांनी हात पुढे केला. "दे, पुसून देतो. अर्ध्या तासाचं काम."

मी दोरा सोडायला हात नेला आणि थांबले. का थांबले ते सांगता येत नाही. "घरी विचारून येते," एवढंच म्हटलं.

घरी आले तेव्हा नवरा गोठ्यात बैलांना चारा टाकत होता. मी दारात उभी राहिले.

"आबा म्हणतात, रेघ चुकून पडली. पुसून देतो. आणू पुसून?"

तो चारा टाकत राहिला. मग हातातली पेंढी खाली ठेवून तिच्यावरच बसला.

"नको पुसू," तो म्हणाला. आणि मग, "चौकट नव्हती. तांब्या मी फेका व्हता."

भाकरी करपली होती, एवढ्यावरून. मुलगी तेव्हा सहा महिन्यांची, तिच्या कडेवर. रक्त डोळ्यात उतरलं तरी तिनं आवाज केला नाही. सासूबाई शेतातून आल्या तेव्हा तिनंच सांगितलं, चौकट लागली. त्यानंतर ती आजारी पडेपर्यंत, आणि आजारातही, ती त्यावर एक शब्द बोलली नाही. तोही बोलला नाही.

माझ्या सगळ्या अंगावर काटा आला, पण तिच्या भीतीनं नव्हे. इतके दिवस मी जिला घाबरत होते ती माझ्या गळ्यात होती, आणि जो समोर बसला होता त्याची मला पहिल्यांदा भीती वाटली. मी म्हटलं, "हा टाक मी असाच घालीन, तोंड बाहेर ठेवून. तुम्हाला रोज दिसेल. चालेल?"

त्यानं मान डोलावली.

"आणि तिच्या आईवडिलांना तुम्ही सांगायचं. मी नाही."

चार दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं आईला सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच्याशी पुढे महिनाभर बोलल्या नाहीत. माझ्या वडिलांना मी पत्रात पोकळ चेहऱ्याचं तेवढं लिहिलं. त्यांनी उलट टपाली आकृती काढून समजावलं की डोळा खड्डा मानायला तयार होत नाही, म्हणून चेहरा वळल्यासारखा वाटतो. ते मला पटलं. घसरलेल्या छिन्नीचं मी त्यांना लिहिलंच नव्हतं.

होळीच्या आधी आम्ही तिघं चाळीसगावला गेलो. स्टेशनपासून चालत तिच्या माहेरी. तिचे वडील बाहेर खाटेवर बसले होते. नवरा त्यांच्या समोर जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, काही न गाळता. म्हाताऱ्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती माझ्याजवळ आली, टाकाकडे तिनं पाहिलं आणि हात पसरला. मी दोरा सोडून टाक तिच्या हातावर ठेवला. ती आत चुलीजवळ गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

आम्ही ओसरीवर बसून राहिलो. भर दुपार होती. आतून तिचा आवाज येऊ लागला, अगदी हळू. शब्द कळत नव्हते. ती थोडं बोलायची, थांबायची, मग पुन्हा बोलायची, आणि थांबायची ते ऐकून घेतल्यासारखं. एकदा ती हसली. मुलगी माझ्या मांडीवर होती. तिनं दाराकडे पाहिलं आणि मग शांतपणे माझ्या पदराशी खेळू लागली. नवऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दार उघडलं. तिची आई बाहेर आली, माझ्या मागे उभी राहिली आणि तिनं स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात दोरा बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "ती म्हनस, जेईसन जा."

तिनं पाट मांडले. गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. नवऱ्याला पहिला घास गिळता येईना. म्हातारी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून, तो जेवेपर्यंत तिथेच बसून राहिली.