आमच्या गावचा गव्हर्नर

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीचा गज धरून चार पावलं चालले. आई रडत होती. अण्णा एवढंच म्हणाले, "जिथं जाशील तिथला हो. पाव्हण्यासारखा राहू नकोस." मिरजेत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखेच वॉटफर्डला, ईलिंगला जाऊन बसलेल्यांनो, इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळच्या या खेड्यात वीसेक वर्षं मी ते वाक्य इमानेइतबारे पाळलं. त्याचं काय झालं ते ऐका.

इथल्या चर्चच्या भिंतीवर एक दगडी पाटी आहे. अमेरिकेवर अजून इंग्लंडच्या राजाचा अंमल होता, तेव्हा इथल्या एका विणकराचा मुलगा ब्रिस्टलच्या धक्क्यावरून जहाजात बसला. तिकडे आधी लाकडाचा धंदा केला, मग वसाहतीच्या असेंब्लीला उभा राहिला. पहिल्यांदा सपशेल पडला, दुसऱ्यांदा निवडून आला. पुढे राजाच्या करांविरुद्ध भाषणं ठोकली, राजाशी नातं तोडण्याच्या बाजूनं मत दिलं आणि शेवटी एका राज्याचा गव्हर्नर झाला. परत काही आला नाही. तरी गाव त्याला "आमचा गव्हर्नर" म्हणतं. उन्हाळ्यात अमेरिकन पाहुणे येतात, त्यांना त्याची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे, कारण बाकी कुणाला रविवार घालवायची हौस नव्हती. मला तो आवडायचा. घर सोडून गेला आणि तिथला झाला. अण्णांचाच चेला म्हणायचा.

त्याच्याच नादानं गेल्या वर्षी मी पॅरिश कौन्सिलला उभा राहिलो. आपली ग्रामपंचायतच ती. माझी लेक ईरा, जन्मानं इथलीच, म्हणाली, "बाबा, का उभा राहतोय तू? इट्स जस्ट बिन्स अँड बस स्टॉप्स!" मला कचऱ्याच्या डब्यांशी काय करायचंय? या गावानं मला एकदा "आमचा" म्हणावं, एवढंच हवं होतं.

प्रचार मला एकच ठाऊक, अण्णांचा. नगरपालिकेला उभे होते तेव्हा ते दारोदार जायचे, चपला बाहेर काढून आत बसायचे, प्रत्येक घरचा चहा प्यायचे. इथला उमेदवार दारात पत्रक टाकतो नि पुढे जातो. दोन घरं पलीकडे जोन नावाची म्हातारी राहते. तिच्या दारात मी सवयीनं बूट काढले. तिनं आत बोलावलंच नाही. ओल्या पायरीवर माझे मोजे भिजत होते आणि ती पायांकडे बघत "लव्हली, लव्हली" म्हणत होती.

पडलो. तीन वर्षांपूर्वी लंडनहून राहायला आलेला एक गृहस्थ निवडून आला. त्याच्या पत्रकावर छापलं होतं, 'लोकल व्हॉइस'. रागानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अण्णाही पडले होते. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन ते पुन्हा सगळ्या घरी गेले. "मत दिलं नसेल, पण दार उघडलं ना? त्याचे आभार मानायचे." मग मीही दुधाच्या पावडरीचे पेढे केले आणि जोनकडे गेलो. या खेपेला बूट घालूनच. तिनं डबा घेतला, माझ्या हातावर हात ठेवला आणि फार मायेनं विचारलं, "सो, विल यू बी गोइंग होम नाऊ, डिअर?"

तिच्या दारातून माझं घर दिसत होतं.

तिच्या मनात काळंबेरं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. गव्हर्नर पहिल्यांदा पडला तेव्हा त्याला हे कुणी विचारलं नसणार. ज्यांना विचारायचा हक्क होता, त्या अमेरिकेतल्या मूळच्या लोकांना मतच नव्हतं. हे मी हल्ली पाहुण्यांनाही सांगतो. ते घड्याळ बघतात.

आणि मिरज? अण्णा गेले. दादा फोनवर प्रेमानं बोलावतो आणि लगेच विचारतो, "किती दिवस आहेस?" पाव्हण्याला विचारावं तसं.

अण्णा, ज्या दारात बूट काढल्यावर कुणी पायांकडे बघत नाही, ते आपलं घर. असं एकच दार आता उरलंय, माझं स्वतःचं. तिथं मी बूट काढून आत जातो, आणि ईरा बूट घालूनच सोफ्यावर बसलेली असते.